नायकाचं पडणं

पडद्यावर नायक चौदाव्या मजल्यावरून कोसळला आणि मीटिंगच्या खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. व्हिडिओ गेम खेळून त्यातल्या चुका काढणारी टेस्टर, ती एकटीच हात मांडीवर ठेवून बसली. खाली आपटताना नायकाचा उजवा पाय आत मुडपला होता. पाठ टेकली तेव्हा सगळं अंग एकदा थरथरलं होतं. चेहरा नायकाचा होता, पण ते अंग तिच्या धाकट्या भावाचं होतं.

“जाहिरातीत हेच टाकायचं,” दिग्दर्शक तिच्याकडे न बघता म्हणाला. “मॅडम, तुमचा रिपोर्ट?”

तिने वही उघडली. जीभ आपसूक चालत राहिली. उडणं झकास जमलंय, हाणामारीत वजन आहे, ठोसा आपल्यालाच बसल्यासारखा वाटतो. पण खलनायक मठ्ठ आहेत, शेवटच्या तीन लेव्हल एकाच साच्यातल्या आहेत, आणि रस्त्यावर जीव मुठीत धरून पळणारी माणसं मोजून चार, तीच फिरून फिरून येतात. सगळे भराभर लिहून घेत होते. तिची नजर घारीची. तिने एखादी गोष्ट कच्ची म्हटली की ती पक्की केल्याशिवाय गेम पुढे सरकत नसे. आठ वर्षांत मिळवलेला हा दरारा तिलाही मनातून आवडायचा.

“आणि हे पडणं?” कोणीतरी विचारलं.

“आज पहिल्यांदाच पाहिलं,” ती म्हणाली आणि उठून बाहेर आली.

भाऊ लहानपणी गच्चीवरून, झाडावरून, सायकलवरून पडायचा आणि हसत उठायचा. म्हणून घरात त्याचं नाव चेंडू. मोठेपणी त्याने पडण्याचाच धंदा केला, स्टंटचा. तिनेच त्याला इथे आणलं होतं. अंगाला चिकटलेला काळा सूट, त्यावर बारीक सेन्सर. रिकाम्या हॉलमध्ये चेंडू उड्या मारायचा आणि कॅमेरे त्याची हालचाल टिपून नायकाच्या अंगात भरायचे. चार महिन्यांपूर्वी तो पडला, तो पुन्हा उठला नाही. कमरेखालचं अंग गेलं. कंपनी म्हणाली, जेवणाच्या सुट्टीत मस्करी करत होता, कॅमेरे बंद होते, आमचा काय संबंध? नवल म्हणजे चेंडूनेही त्यावर मान डोलावली.

कॅमेरे बंद होते, तर आज पडद्यावर हे कुठून आलं?

तिने तो तुकडा फोनवर उतरवून घेतला, अर्धी रजा टाकली आणि बसमध्येच तक्रार लिहून काढली. हॉलचा व्यवस्थापक, स्टंटचा प्रमुख, दिग्दर्शक. तिघांची नावं लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय की काय असं वाटत होतं.

भावजयीने दार उघडलं. तिच्या हातात मलमाची ट्यूब होती, चेंडूची टाच चिघळली होती. तो खिडकीशी पलंगावर कुशीवर होता. ताईने फोन त्याच्यापुढे धरला.

त्याने पाहिलं. “पुन्हा लाव,” म्हणाला. दुसऱ्यांदा त्याने सुतार दुसऱ्याचं काम बघतो तसं डोळे बारीक करून पाहिलं. “मस्त पडलोय.”

“हा पुरावा आहे चेंडू. कर इथे सही.”

“नको ताई.”

“कोणाला घाबरतोस?”

“मीही हेच विचारून थकले,” भावजय म्हणाली. “तोंडाला कुलूप घातलंय यांनी. ताई, तुम्ही आहात म्हणून मी उभी आहे, नाहीतर कधीच हातपाय गाळले असते.”

“जरा पाणी आण गं,” चेंडू म्हणाला. ती आत गेल्याची खात्री झाल्यावर त्याने आवाज खाली आणला.

“त्या दिवशी नऊ वेळा पडलो मी. नीट पडलो. पण प्रमुख दर वेळी कागद वाचून दाखवायचा. ‘पडणं खोटं वाटतं. खाली गादी आहे हे कळतं.’ शेवटी त्यांनी गादी काढली आणि चटई टाकली.”

“कोणी लिहिलं होतं ते...” ती विचारायला लागली आणि वाक्य अर्धंच राहिलं. ते शब्द तिचे होते. तिच्या तेव्हाच्या रिपोर्टातल्या एकोणीस शेऱ्यांमधला एक. एका हाताने चहा पीत लिहिलेला, लिहून विसरलेला.

“शेरा बरोबर होता ताई,” चेंडू म्हणाला. “मलाही ते खोटंच वाटत होतं. पण तक्रार केली की ते पहिला तोच कागद पुढे करतील. मग हिला कळेल. तुम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघणार नाही. आणि मला आता तुम्ही दोघीच आहात.”

भावजय पाणी घेऊन आली. दोघांचे चेहरे बघून दारातच थबकली. “काय झालं?”

“काही नाही,” चेंडू म्हणाला. त्याने बहिणीचं मनगट धरलं होतं. पाय गेले तरी हातात अजून भलती ताकद होती.

तिने मनगट हळूच सोडवून घेतलं. कागद मांडीवर सरळ केला. तिघांच्या नावांच्या वर थोडी जागा होती. तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याच्यापुढे तो शेरा, शब्दाला शब्द.

मग कागद भावाला न देता तिने भावजयीच्या हातात ठेवला.

“आधी तू वाच,” ती म्हणाली. “मग याची सही.”