बत्तिसावं नाव

उत्कर्षा सोलापुरात घरी बसून वेबसाइट बनवते. वळसंगच्या शाळेतल्या एकतीस मुलांसाठी तिनं हजेरीचं पान केलं होतं. नावावर बोट ठेवलं, की त्या मुलाचा रेकॉर्ड केलेला आवाज म्हणायचा, "हजर, बाई!"

दुपारी शाळेच्या मीनाबाईंचा फोन आला. "झालं का गं? चारला पालक येणार हायत. पोरं लई नाचायलीत."

"झालंच, बाई. एक खोटं नाव तेवढं काढते."

पान तपासायला तिनं बत्तिसावं नाव मनानंच घातलं होतं, धोंडिराम. त्याला आवाज जोडलाच नव्हता. काढण्याआधी तिनं सहज त्यावर बोट ठेवलं.

"हजर, बाई."

आवाज लहान मुलाचा होता, दमलेला. तिनं जावास्क्रिप्टची ओळ न् ओळ वाचली. आवाजाच्या फायली मोजल्या. एकतीसच होत्या.

मग लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद करून तिनं पुन्हा बोट ठेवलं.

"हजर, बाई." या वेळी तो तिच्या खुर्चीमागून आला.

चारला दहा मिनिटं होती. मागं न बघता तिनं नाव खोडायच्या बटणाकडे बोट नेलं.

"नाव नका खोडू, बाई. मी रोज येतो की."