पायवाटेच्या पलीकडची रोपं

उजाड टेकडीवर जंगल पुन्हा कसं उभं राहतं, यावर तिचं संशोधन चाललं होतं. पायवाटेच्या अलीकडच्या रोपांना उन्हाळाभर रोज पाणी घालायचं, पलीकडच्यांना थेंबही नाही, असा प्रयोग. ती दिवसभर प्रयोगशाळेत असायची, म्हणून पाणी घालायचं काम तिच्या आत्याने हौसेने अंगावर घेतलं होतं. पण दोन उन्हाळे सरले तरी दोन्हीकडची रोपं सारखीच वाढलेली! तिच्या मनात पाल चुकचुकली. आत्या गुपचूप पलीकडेही पाणी घालत असेल, तर सगळं संशोधन मातीत.

तिने पलीकडच्या रोपांभोवती बारीक वाळू पसरली, पावलं उमटावीत म्हणून. आठवडाभर वाकून वाकून पाहिलं. उमटली ती फक्त एका मुंगसाची पावलं. माती उकरली, तर ती कोरडी ठाक.

शेवटी जेवताना तिने विषय काढलाच.

"आत्या, खरं सांग. पलीकडे पाणी घालतेस ना?"

"देवाशप्पथ नाही. वाळू पसरलीस तेव्हाच म्हटलं, पोरगी चोर धरायला निघालीय."

"मग ती रोपं अलीकडच्यांइतकी वाढली कशी?"

आत्याने ताट बाजूला सारलं.

"अगं, एकाला पाजायचं आणि दुसऱ्याने टकामका बघायचं? असला पंक्तिप्रपंच मी जन्मात केला नाही. पलीकडे घालू नकोस म्हणालीस, म्हणून मी अलीकडेही कधी घातलं नाही."