आवतण

दिपाली चहाचा ट्रे घेऊन ओटीवर आली आणि लाईट गेली.

पलीकडच्या शेडमधले लूम धडधडत एकदम थांबले. टेमघरच्या त्या गल्लीत सकाळपासून भरून राहिलेला खडखडाट पुसल्यासारखा नाहीसा झाला. आणि मधल्या खोलीच्या लोटलेल्या दारामागून पुरुषाचा स्वच्छ आवाज आला.

"प्रभू तुम्हांबरोबर असो."

दिपालीने ट्रे घाईने खाली ठेवला. कॉम्प्युटर यूपीएसवर होता. लाईट गेली तरी तो बोलत राहील, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

वसईला तिच्या माहेरच्या चर्चमधली मिस्सा आता इंटरनेटवर दिसत असे. तिथल्या पोरांनी कॅमेरा बसवला होता आणि पत्ता भावाने फोनवर सांगितला होता. शेडला सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारी लूमच्या आवाजात स्पीकर दाराबाहेर ऐकू जात नसे. हेडफोन लावला तर सासूची हाक ऐकू येणार नाही, म्हणून तिने सारा भरवसा लूमवर ठेवला होता. आजची मिस्सा तर तिच्या वडिलांसाठी होती. मयतांच्या नावांत त्यांचं नाव वाचलं जाणार होतं. केसरीनाथ आले तेव्हा तिने फक्त कॉम्प्युटरचा पडदा काळा केला. मिस्सा बंद केली नाही. एकदा तुटली की ती पुन्हा लागता लागत नसे.

केसरीनाथ म्हणजे तिचे थोरले सासरे, भावकीतले मोठे. लग्नाआधी तिच्या नवऱ्याने, भावेशने, यांच्याच पायाला हात लावून शब्द दिला होता, बायको चर्चचं सगळं मागे सोडून येईल. भावकीतल्याच अनंताच्या सुनेच्या कपाटात क्रूस सापडला, तेव्हा याच केसरीनाथांनी अर्धी प्यालेली बशी खाली ठेवली होती आणि ते उठून गेले होते. त्यानंतर भावकीतलं कुणी त्या घरी लग्नाला गेलं नाही, मयतालाही गेलं नाही.

"आतमंदी कोन बोलतंय गो?" केसरीनाथांनी बशीत चहा ओतत विचारलं.

"टी... टीव्ही, बाबा."

"लाईट गेल्याव टीव्ही?" ते हसले. "म्हायेरशी आनलास काय, बिगर लाईटचा?"

हसू ओठांवर तसंच राहिलं, पण मान दाराकडे वळली. आत यूपीएस टीं टीं करू लागला होता. आवाज पुढे बोलतच होता. केसरीनाथांनी बशी धरलेला हात जरा खाली केला आणि दुसरा हात गुडघ्यावर रोवला. आता ते उठणार.

तोच आतून सासूने, राहीबाईने, सूर लावला.

"पयलं आवतन गो गावदेवीला,
दुसरं आवतन वाडवडलांना..."

दिपालीच्या सासूला लग्नात धवले म्हणायला गावोगावहून बोलावणं येई. धवल्यात आधी देवांना आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं असतं.

"आता धवला?" केसरीनाथांनी मोठ्याने विचारलं. "लगीन कोनाचं हाय, राहीबाय?"

"खारबावला जायाचं हाय, भावजी! गला बसलाय, मोकला करतंय." आणि लगेच, आणखी वरच्या सुरात, "दौलतबाबा, मांडवाला या गो..."

आपल्या गेलेल्या धाकट्या भावाचं, राहीबाईच्या नवऱ्याचं नाव ऐकून केसरीनाथ मागे टेकले. त्यांनी डोळे मिटले. राहीबाई एकेक नाव घेत होती, सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं. तिच्या आवाजाखाली मिस्सेतला आवाजही आता मयतांची नावं वाचत असणार. दिपाली कान देऊन ऐकत होती, पण तिला सासूखेरीज काहीच ऐकू येईना. टीं टीं घाईघाईने व्हायला लागलं, मग एक लांब शिट्टी झाली आणि कॉम्प्युटर बंद पडला.

राहीबाईही थांबली.

शेडमध्ये कुणीतरी खोकलं, तेसुद्धा ओटीवर ऐकू आलं.

केसरीनाथांनी डोळे उघडले. "थांबलीस का?"

ते दाराकडे तोंड करून बोलले.

"पितरांना हाका मारल्यास, राहीबाय. आता मधीच सोरायचं न्हाय. दारात आलेला भायेर राह्यला तं घराला लागतो. पुरं कर."

राहीबाई उंबऱ्यात आली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला. सुनेकडे तिने पाहिलंही नाही.

"सगल्यांना बोलवू, भावजी?"

"सगल्यांना. कोन मागं राह्यला नको."

राहीबाईने दाराची चौकट हाताने धरली. आता तिचा आवाज झाकायला काही नव्हतं आणि त्या आवाजालाही काही झाकायचं नव्हतं.

"बस्त्यावबाबा, मांडवाला या गो..."

दिपालीच्या वडिलांचं ख्रिस्ती नाव. म्हणजे आत ते वाचलं गेलं होतं, आणि कुणीतरी ऐकलं होतं.

राहीबाईने शेवटची ओळ पुरी केली, हात जोडले आणि ती तिथेच उभी राहिली.

"झालं पुरं, भावजी. तुमी बोल्लाव तसं."

लाईट आली नव्हती. केसरीनाथ सुनेकडे बघत नव्हते, राहीबाईकडेही नाही. बशी त्यांच्या हातात होती, ओठांच्या जरा खाली. दिपालीला त्या बशीखेरीज काहीच दिसत नव्हतं.

चहा केव्हाच निवला होता. तरी केसरीनाथांनी त्याच्यावर फुंकर मारली आणि बशी ओठांना लावली.