पहिल्या सोमवारचं वजन

शहाण्णव सालची गोष्ट. बायकोचे कागद परत न्यायला पळसदेवचा जोतीराम बारामतीच्या दवाखान्यात आला होता. शकुबाईवर इथं कॅन्सरच्या नव्या औषधाची चाचणी झाली होती. रजिस्टर पाहताच तो भडकला.

“शकूला जाळून तीन म्हैनं झालं! तरी दर म्हैन्याला तिचं वजन लिवताय? अन् ते वाढतंय व्हय? लाज न्हाय वाटत?”

नर्स पांढरीफटक पडली. “आबा, पहिल्या सोमवारी अकराला काटा जे दाखवतो, तेच मी लिहिते.”

“अन् काट्यावर उभं कोण ऱ्हातं?”

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. “आज पहिला सोमवारच आहे.”

घड्याळात अकरा वाजले. कोपऱ्यातल्या रिकाम्या वजनकाट्याचा काटा थरथरला, चढत चढत सत्तेचाळीसवर थांबला.

“शकू, उतर खाली!” जोतीराम ओरडला. “मेल्यावर तरी ह्यांच्या कामी येऊ नगंस!”

काटा शून्यावर आला.

जोतीरामच्या शेजारचं रिकामं बाकडं करकरलं.