चारचा साउंडचेक

सातला दोन मिनिटं कमी असताना हॉलमधले दिवे गेले आणि तीनशे माणसं एकदम ओरडली. पेपरताई दचकल्या. चौतीस वर्षं त्या या हॉलबद्दल पेपरात लिहीत होत्या, पण हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"काकू, ती पर्स जरा खाली घ्या ना," मागून एक मुलगी म्हणाली. "गिटारवाला अर्धाच दिसतोय."

"घेते बाई, घेते. पूर्ण बघ."

त्यांनी पर्स पोटाशी धरली. बासष्टाव्या वर्षी त्या या हॉलमधला पहिला कार्यक्रम बघायला आल्या होत्या.

कारण साधं होतं. कार्यक्रम शनिवारी सातला असायचा आणि रविवारचं संगीताचं पान साडेसहाला छापायला जायचं. छापून आलेल्या पहिल्या प्रती तपासून सुटेपर्यंत नऊ वाजत. म्हणून ताई दुपारी चारला यायच्या. माइक आणि स्पीकर नीट आहेत ना हे बघायला बॅंड त्या वेळी थोडं वाजवतो. त्या साउंडचेकवर त्यांचं भागायचं. रिकाम्या हॉलच्या मधोमध एक खुर्ची, मांडीवर वही. मग धावत ऑफिस. रविवारी सकाळी गावाला कळायचं, काल कोण कसं वाजलं. गावातला एकही बॅंड असा नव्हता, ज्याच्याबद्दल छापून आलेली पहिली ओळ ताईंची नव्हती. हॉल पाडून तिथे पार्किंग करायचं ठरलं, तेव्हा सलग नऊ रविवार लिहून त्यांनी तो बेत हाणून पाडला होता.

आता ते पान बंद होत होतं. संपादक म्हणाले होते, "शेवटचा मजकूर सोमवारी द्या, ताई. निरोपाचा आहे, निवांत लिहा." म्हणून आजची संध्याकाळ मोकळी मिळाली. मजकूर मात्र डोक्यात तयार होता. ताई माफी मागणार होत्या. मी एकही कार्यक्रम ऐकलेला नाही, नुसती तयारी ऐकून चौतीस वर्षं मतं दिली, हे त्या लिहून टाकणार होत्या.

त्यांना छळणारी गोष्ट वेगळीच होती. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली, तर ती दोनेक सेकंद भिंतींवर आपटत राहते. माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये अंगं आणि कपडे तिला पिऊन टाकतात. सेकंदाच्या आत ती विरते. रिकाम्या हॉलमध्ये कुणाचाही आवाज भरदार वाटतो. मग आपण कौतुक केलं ते कोणाचं? माणसांचं की भिंतींचं?

ड्रमरने काठीवर काठी आपटून चार मोजले आणि गाणं सुरू झालं. बास पायांतून वर चढला. शेजारचा टक्कल पडलेला गृहस्थ शाळकरी पोरासारखा उड्या मारू लागला. ताईंनाही राहवेना, त्यांनी पर्सवरच ठेका धरला. हे असं असतं होय!

गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईंनी सवयीने घड्याळ पाहिलं आणि त्या चमकल्या. सहा मिनिटं.

आजही त्या नेहमीप्रमाणे चारला येऊन बसल्या होत्या, तेव्हा हेच गाणं अकरा मिनिटं चाललं होतं. मधली गिटार आणि की-बोर्डची जुगलबंदी आता गायबच होती. गायिका आठवडाभर शाळेत गणित शिकवायची. चारला तिने शेवटचा सूर डोळे मिटून इतका वर नेला होता की ताईंची पेन्सिल थांबली होती. आता ती खालच्याच सुरावर थांबली. दुसरं गाणं तसंच, तिसरंही.

मध्यंतर होताच ताई गर्दीतून वाट काढत मागे गेल्या. तिथे मिक्सरवर बटण्या बसला होता. हॉलचा आवाज पहिल्यापासून तोच सांभाळायचा.

"बटण्या, खरं सांग. चारला जास्त चांगलं वाजलं की मला भिंतींनी फसवलं?"

"भिंतींना कशाला नावं ठेवता? चारलाच चांगलं वाजलं. जीव ओतून झाल्यावर सातला गळ्यात उरणार काय?"

"साउंडचेकला कोण जीव ओततं रे?"

बटण्याने हेडफोन काढून गळ्यात अडकवला. "साउंडचेक दोनला होतो, ताई. पहिल्यापासून."

"दोनला? मग ते चारला 'हॅलो, चेक, चेक' करतात ते?"

"ते तुमच्यासाठी. तुम्हाला अवघडल्यासारखं नको म्हणून. नव्या पोरांना आम्ही आधी तेच शिकवतो. इस्त्रीचे कपडे घालून या, दोनदा चेक म्हणा आणि मग थांबू नका."

"अरे, पण मी सोमवारी माफी मागणार होते! मी कार्यक्रम कधी ऐकलाच नाही म्हणून."

"असलं काही लिहू नका हं," बटण्या हसत म्हणाला. "कार्यक्रम चारलाच असतो. सातला आम्ही तो लोकांना जमेल तेवढा परत करून दाखवतो."