कोरडा कागद

डॉक्टरांची चौसष्ट सालची गाडी आमच्या अण्णांनी ड्रायव्हर म्हणून तीस वर्षं चालवली. मागच्या सीटवर मात्र ते कधीच बसले नाहीत. ती भंगारात निघाली तेव्हा मी विकत घेऊन वारज्याला आणली. पण स्टेअरिंग बॉक्समधून तेल गळायचं. "गळतंय तोवर गाडी हलणार नाही," अण्णांनी बजावलं. रोज संध्याकाळी ते गाडीखाली वर्तमानपत्र अंथरायचे आणि सकाळी त्यावरचा डाग दाखवायचे, "वाच, आजची ठळक बातमी!" मी तिसऱ्यांदा बॉक्सचं सील बदललं. आज ते वाकले आणि ओरडलेच, "शर्मिला, कागद कोरडा!" मी चावी घेऊन धावले. ते सवयीनं स्टेअरिंगकडे वळले. मी मागचं दार उघडून उभी राहिले. अण्णा थबकले, कॉलर सारखी करून आत बसले. लगेच म्हणाले, "थांब. आधी तुझ्या आईला बोलव. मी उतरतो, दार पुन्हा उघड."