फोटोतली मोकळी जागा

"कोण हवंय आपल्याला?" भास्कररावांनी दारातल्या शलाकाला विचारलं.

"बाबा, मी शलाका. तुमची मुलगी."

"मला एकच मुलगा आहे, ताई," ते अदबीनं म्हणाले आणि त्यांनी तुषारला हाक मारली.

बहिणीला पाहून तुषारचा चेहरा पडला. विस्मरणाचा आजार जडल्यापासून भास्कररावांच्या कानामागची चिप घरच्या अल्बमवरूनच त्यांच्या आठवणी भरून काढत असे. आणि स्वतःचं लग्न ठरताना, सासरच्यांना दिसू नये म्हणून, तुषारनं जातीबाहेर लग्न केलेल्या शलाकाला त्या अल्बममधून खोडलं होतं.

"फक्त फोटोतून काढलं गं," तो पुटपुटला. "बाबांच्या चिपचं माझ्या ध्यानातच आलं नाही. आता चिप तुझे फोटो बनावट म्हणून नाकारते."

शलाकानं आपल्या फोनमधला फोटो वडिलांसमोर धरला. दवाखान्यातल्या खाटेवर ती त्यांना पेज भरवत होती.

भास्कररावांनी तो नीट पाहिला आणि मान हलवली.

"काहीतरी चुकतंय तुमचं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी जवळ कोणीच नव्हतं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. "तो अख्खा महिना मी एकट्यानं काढला."